आंतरराष्ट्रीय पीआर पुरस्कारासाठी एंट्री कशी तयार करावी

डेडलाइनच्या आदल्या रात्रीचं एक दृश्य पीआर, म्हणजे जनसंपर्काच्या कामातल्या बहुतेकांच्या ओळखीचं असेल. मोहीम संपून आठ महिने झालेले असतात. ती जिने चालवली ती सहकारी दुसरीकडे रुजू झालेली असते. कात्रणांचा फोल्डर सापडतो, पण मोहिमेआधी परिस्थिती काय होती याचा एकही आकडा कुणाकडे नसतो. मग कुणीतरी म्हणतं, "कव्हरेज भरपूर आलंय, तेच टाकू." आणि फॉर्मवरच्या 'उद्दिष्ट' या चौकटीत जे काही साध्य झालं तेच उद्दिष्ट म्हणून लिहिलं जातं. आधी बाण मारायचा आणि तो जिथे रुतला तिथे भोवती वर्तुळ काढायचं, असा हा प्रकार. परीक्षकांना तो लगेच ओळखू येतो, कारण कधीकाळी त्यांनीही तो केलेला असतो.

अशा बऱ्याच रात्री मी काढल्या आहेत. पुढे काही वेळा परीक्षकांच्या खुर्चीतही बसले. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर एक गोष्ट पक्की झाली: एंट्री म्हणजे कामाचा अहवाल नसतो, तो दावा असतो. 'आमच्या कामामुळे अमुक बदललं' एवढाच तो दावा, आणि बाकी सगळी पानं त्याचा पुरावा. खाली जे लिहिते आहे ते हा दावा उभा कसा करायचा याबद्दल आहे.

आधी स्पर्धेचा स्वभाव ओळखा

सगळ्या स्पर्धा एकाच गोष्टीला दाद देत नाहीत. म्हणून तीच एंट्री चार ठिकाणी चिकटवून पाठवणं म्हणजे पैसे वाया.

इंटरनॅशनल पब्लिक रिलेशन्स असोसिएशन, म्हणजे इप्रा, ही १९५५ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली व्यावसायिकांची संघटना. तिचे गोल्डन वर्ल्ड अवॉर्ड्स १९९० पासून दिले जातात. इथे पीआर हा व्यवसाय म्हणून नीट, नियोजनपूर्वक केलेला आहे का याकडे लक्ष असतं. एजन्सीचं काम आणि संस्थेच्या स्वतःच्या विभागाने केलेलं काम यांच्यासाठी वेगळी सोय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या उद्दिष्टांशी मेळ असलेल्या कामासाठी एक खास पुरस्कारही आहे. सामाजिक विषयावर काम करणाऱ्या छोट्या चमूने त्याचा विचार जरूर करावा.

सेबर अवॉर्ड्स पीआर क्षेत्राच्या बातम्या देणाऱ्या प्रोव्होक मीडिया या संस्थेचे. पूर्वी हीच संस्था होम्स रिपोर्ट या नावाने ओळखली जायची. हे पुरस्कार खंड-प्रदेशांनुसार वेगवेगळे होतात, म्हणजे तुमची पहिली झुंज जगाशी नसून तुमच्या प्रदेशातल्या कामांशी असते. नवख्यांसाठी हा मोठाच फायदा.

कान्स लायन्समध्ये पीआरचा स्वतंत्र विभाग २००९ मध्ये सुरू झाला. मूळचा हा जाहिरातीचा महोत्सव, आणि तो स्वभाव अजून टिकून आहे: कल्पना डोळ्यांत भरली पाहिजे. पण पीआर लायन्सची गुणांची वाटणी पाहिली तर गंमत कळते. कल्पनेला २० टक्के, स्ट्रॅटेजीला ३०, अंमलबजावणीला २० आणि परिणामाला ३०. म्हणजे ज्या कल्पनेच्या जोरावर लोक तिथे जातात तिचं वजन पाचव्या हिश्शाएवढंच. वाटणी दरवर्षीच्या नियमावलीत पुन्हा बघून घ्यायची, ती बदलू शकते.

आयएबीसी या संवाद-व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा गोल्ड क्विल वेगळ्याच जातीचा. तिथे एंट्री दुसऱ्या एंट्रीशी नव्हे, ठरलेल्या मापदंडाशी तोलली जाते. गुण १ ते ७ या पट्टीवर मिळतात, आणि पुरेसे गुण मिळवणाऱ्या अनेकांना एकाच विभागात पुरस्कार मिळू शकतो. शिस्तीने केलेलं, पण झगमगाट नसलेलं काम असेल तर इथे त्याची कदर होते. अंतर्गत संवाद, म्हणजे कर्मचाऱ्यांशी केलेला संवाद, बाकी ठिकाणी मागच्या रांगेत बसतो. इथे तसं होत नाही.

संवादाचं मोजमाप आणि मूल्यमापन ही तुमच्या कामाची खरी ताकद असेल तर एमेक या संवादाच्या मोजमापासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे पुरस्कार पाहा. याशिवाय पीआर संस्थांच्या आयको या जागतिक संघटनेचे ग्लोबल अवॉर्ड्स, पीआरवीक या नियतकालिकाचे ग्लोबल अवॉर्ड्स, स्टीव्ही अवॉर्ड्समधले पीआरचे विभाग, अशी यादी लांबवता येईल. निवडताना एक साधी कसोटी लावा. मागच्या दोन-तीन वर्षांतल्या विजेत्या एंट्री वाचा आणि स्वतःला विचारा, 'या रांगेत आमचं काम शोभेल का?' शोभत नसेल तर दुसरी स्पर्धा शोधा. कामाला ओढूनताणून तसं बनवू नका.

आणि हो, सावध राहायची एक जागा. तुम्ही एंट्री पाठवलेलीच नाही आणि तरीही 'आपली निवड झाली आहे, ट्रॉफीसाठी एवढी रक्कम भरा' असा मेल आला, तर तो पुरस्कार नव्हे, दुकान आहे. खऱ्या स्पर्धेत परीक्षकांची नावं जाहीर असतात, निकष लिहिलेले असतात आणि हरण्याची शक्यता असते.

नियमावली वाचताना पेन हातात घ्या

नियम वाचायचे तर आहेतच, पण चार गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवून घ्या.

पहिली, पात्रतेचा कालावधी. काम अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत झालेलं हवं, अशी अट असते. मोहीम त्याआधी सुरू होऊन नंतर संपली असेल तर काय चालतं, हे स्पर्धेगणिक वेगळं. कुठे 'मुख्य भाग त्या काळात' एवढं पुरतं, कुठे निकालही त्याच काळातले लागतात. शंका आली की आयोजकांना मेल करा. ते उत्तर देतात, आणि ते लेखी उत्तर जपून ठेवा.

दुसरी, परवानगी. क्लायंटची लेखी संमती, तीही नेमकी कशासाठी हे स्पष्ट करून: नाव वापरायला, आकडे द्यायला, फिल्म जाहीर दाखवायला. क्लायंट म्हणतो 'हो हो, टाका', आणि शॉर्टलिस्ट जाहीर झाल्यावर त्याच्या कायदा विभागाला जाग येते. विक्रीचे किंवा अंतर्गत सर्वेक्षणाचे आकडे गोपनीय असतील तर बऱ्याच फॉर्मवर 'फक्त परीक्षकांसाठी' अशी वेगळी चौकट असते. ती नसेल तर टक्केवारी किंवा निर्देशांकाच्या रूपात आकडा देता येतो: मोहिमेपूर्वीची पातळी १०० धरली तर नंतरची १३४, असा. क्लायंट सहसा याला तयार होतो.

तिसरी, पैसे. लवकर भरणाऱ्यांना सवलत, मग नेहमीचा दर, मग उशिराचा दंड, अशा पायऱ्या बहुतेक ठिकाणी असतात. शुल्क एंट्रीगणिक आणि विभागागणिक लागतं. जिंकल्यावर जादा ट्रॉफी, समारंभाचं टेबल आणि प्रवास यांचा खर्च वेगळा. हे सगळं आधीच बेरजेत धरा, नाहीतर जिंकूनही हिशोब विभागाची बोलणी खावी लागतात.

चौथी, श्रेय. मोहिमेत तुमच्याबरोबर जाहिरात एजन्सी होती, संशोधन संस्था होती, एखादी स्वयंसेवी संस्था होती. कुणाचं नाव कोणत्या क्रमाने जाईल आणि तीच मोहीम त्यांच्यापैकी कुणी स्वतंत्रपणे पाठवतंय का, हे सुरुवातीलाच बोलून घ्या. काही स्पर्धांत एकच काम एकाच विभागात दोघांनी पाठवलं की दोन्ही एंट्री अडकतात.

विभाग निवडणं हा अर्धा खेळ

काम तेच, पण ते 'आरोग्य' या विभागात टाकायचं, 'सामाजिक संस्था' या विभागात की 'मर्यादित बजेट' या विभागात, यावर नशीब फिरतं. इथे मी एक सोपी युक्ती वापरते. मोहिमेतली सर्वांत भक्कम पुराव्याची गोष्ट कोणती ते आधी ठरवायचं, आणि जो विभाग नेमकी तीच गोष्ट मागतो तो घ्यायचा. तुमच्याकडे वर्तन बदलल्याचा आकडा असेल तर वर्तनबदलाचा किंवा जनहिताचा विभाग. एखाद्या संकटात चोवीस तासांत तुम्ही काय केलं याची मिनिटागणिक नोंद असेल तर संकटकाळातल्या संवादाचा विभाग. सर्वाधिक प्रतिष्ठेचा म्हणून 'वर्षातली सर्वोत्तम मोहीम' यावर उडी मारू नका. तिथे प्रचंड बजेटवाली कामं रांगेत उभी असतात.

दोन विभागांत पाठवायचं ठरलं तर मजकूर दोनदा लिहा. एकच मजकूर दोन्हीकडे टाकला की दोन्ही परीक्षकांना तो थोडा चुकीच्या पत्त्यावर आल्यासारखा वाटतो.

लिहायला शेवटाकडून सुरुवात करा

फॉर्मची रचना नावं बदलून सगळीकडे जवळपास तीच असते: पार्श्वभूमी, संशोधन, उद्दिष्टं, स्ट्रॅटेजी, अंमलबजावणी, परिणाम. अमेरिकेतल्या पीआरएसए या जनसंपर्क व्यावसायिकांच्या संघटनेच्या सिल्व्हर अँव्हिल पुरस्कारांनी संशोधन, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन ही चौकट वर्षानुवर्षं रुजवली, आणि व्यवसायाने ती आपलीशी केली. जॉन मार्स्टन यांनी १९६३ मध्ये मांडलेलं रेस सूत्रही याच वळणाचं: संशोधन, कृती, संवाद, मूल्यमापन.

पण फॉर्म ज्या क्रमाने वाचला जातो त्या क्रमाने तो लिहू नका. आधी परिणाम लिहा. मग त्या परिणामाशी जुळणारं, मोहिमेच्या मूळ ब्रीफमध्ये, म्हणजे सुरुवातीला काम ठरवताना केलेल्या टिपणात, खरोखर असलेलं उद्दिष्ट शोधा. मग या दोघांना जोडणारा रस्ता. अगदी शेवटी सारांश. सारांश फॉर्ममध्ये सर्वांत वर असतो, पण संपूर्ण एंट्री तयार झाल्याशिवाय तो चांगला लिहिता येत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. समजा एका रक्तपेढीसाठी मोहीम केली. पहिल्यांदा रक्तदान करणारे तरुण भरपूर येतात, पण पुन्हा फिरकत नाहीत, ही अडचण.

वाईट उद्दिष्ट असं लिहिलं जातं: 'तरुणांमध्ये रक्तदानाविषयी जागरूकता निर्माण करणे.' यात कोण, किती, कधीपर्यंत, यातलं काहीच नाही. त्यामुळे ते साध्य झालं की नाही हेही कुणी सांगू शकत नाही. चांगलं उद्दिष्ट असं: 'पहिल्यांदा रक्तदान केलेल्या १८ ते २५ वयोगटातल्या दर १०० जणांपैकी सध्या २२ जण वर्षभरात परत येतात, हे प्रमाण बारा महिन्यांत ३० वर नेणे.' आकडे माझ्या मनातले आहेत, पण बांधणी पाहा. आधीची पातळी दिली, गट सांगितला, मुदत सांगितली. आता परिणामाच्या चौकटीत '३१' एवढा एक अंक लिहिला तरी परीक्षकाला सगळं कळतं. आणि '२७' असेल तरी लिहा. उद्दिष्टापर्यंत पोचलो नाही, पण पाच पावलं पुढे गेलो आणि कुठे अडलो हे प्रामाणिकपणे सांगणारी एंट्री मी शॉर्टलिस्टमध्ये गेलेली पाहिली आहे. झाकलेली त्रुटी मात्र ज्युरीच्या खोलीत कुणीतरी उकरून काढतंच.

संशोधनाच्या भागात काय शोधलं यापेक्षा त्याने काय बदललं हे सांगा. '५०० जणांचं सर्वेक्षण केलं' हे वाक्य निष्प्राण आहे. 'आम्हाला वाटत होतं की तरुण सुईला घाबरतात. बोलल्यावर कळलं, त्यांना आपल्या रक्ताचं पुढे काय झालं हे कधी कळतच नाही, म्हणून परत यावंसं वाटत नाही' हे वाक्य एंट्रीला कणा देतं. आधीची समजूत चुकीची होती आणि संशोधनाने दिशा वळवली, एवढं दाखवता आलं की स्ट्रॅटेजी वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

इथे एक खाचखळगा आहे. या जाणिवेवरून 'तुमचं रक्त आज वापरलं गेलं' असा संदेश दात्याच्या फोनवर पाठवायची कल्पना सुचेल. सुचूच दे. पण स्वीडनमध्ये रक्तदात्यांना असे संदेश जातात, आणि २०१५ मध्ये त्याच्या बातम्या जगभर फिरल्या होत्या. आंतरराष्ट्रीय ज्युरीत ते माहीत असलेलं कुणीतरी नक्की असेल. तेव्हा 'जगात प्रथमच' असं लिहिण्याआधी शोध घ्या, आणि आधी कुणी केलेलं सापडलं तर ते स्वतःहून सांगून तुमचं काम त्यापेक्षा कुठे वेगळं आहे ते मांडा. 'प्रथमच' हा शब्द खोटा ठरला की बाकीच्या पानांवरचा विश्वासही उडतो.

स्ट्रॅटेजी आणि अंमलबजावणी यांची गल्लत सर्रास होते. 'इन्फ्लुएन्सरना सोबत घेतलं, पत्रकार परिषद घेतली, हॅशटॅग चालवला' ही स्ट्रॅटेजी नाही, ही कामांची यादी आहे. स्ट्रॅटेजी म्हणजे निवड: काय करायचं ठरवलं, आणि त्यासाठी काय सोडून दिलं. आपल्या उदाहरणात, 'नवे दाते शोधण्यावरचा सगळा खर्च थांबवून आहेत त्या दात्यांना परत आणण्यावर लावला' ही स्ट्रॅटेजी. त्यात काहीतरी पणाला लागलं आहे. अंमलबजावणीत मग दहा गोष्टी केल्या असल्या तरी तीनच सांगा, पण त्यांतली एखादी अडचणीसह सांगा. पाऊस पडला, प्रवक्ता आजारी पडला, ऐन वेळी कायदा बदलला, आणि मग तुम्ही काय केलंत? सुरळीत पार पडलेल्या कामाचं वर्णन कुणाच्या लक्षात राहत नाही.

कल्पना एका वाक्यात सांगता येते का, हेही इथेच तपासा. २००९ मध्ये पीआर लायन्सचं पहिलंवहिलं ग्रां प्री, म्हणजे त्या विभागातला सर्वोच्च पुरस्कार, मिळालं ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या पर्यटन विभागाच्या 'जगातली सर्वोत्तम नोकरी' या मोहिमेला. एका बेटाची देखभाल करायची, सहा महिने तिथे राहायचं, पगार दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, अर्ज एका मिनिटाच्या व्हिडिओने करायचा. चौतीस हजारांहून जास्त अर्ज आले. पर्यटनाची जाहिरात नोकरीच्या जाहिरातीच्या रूपात, एवढं म्हटलं की मोहीम कळते. तुमच्या कल्पनेचं असं एक वाक्य, घरातल्या पीआरशी संबंध नसलेल्या माणसाला ऐकवा. त्याने "म्हणजे?" असं विचारलं तर वाक्य अजून झालेलं नाही.

परिणाम: इथेच बहुतेक एंट्री कोसळतात

कव्हरेज, म्हणजे माध्यमांत मिळालेली प्रसिद्धी, हा परिणाम नाही. तो मधला टप्पा आहे. ही गोष्ट व्यवसायाने अधिकृतपणे मान्य केली त्याला बरीच वर्षं झाली. २०१० मध्ये बार्सिलोनात ३३ देशांच्या प्रतिनिधींनी मोजमापाची सात तत्त्वं स्वीकारली. त्यांना बार्सिलोना प्रिन्सिपल्स म्हणतात, आणि पुढे २०१५, २०२० आणि २०२५ मध्ये त्यांच्या सुधारित आवृत्त्या आल्या. त्यातलं सर्वाधिक गाजलेलं तत्त्व एव्हीईबद्दल आहे. एव्हीई म्हणजे बातमीने व्यापलेल्या जागेची जाहिरातीच्या दराने काढलेली किंमत. कुणी त्याला वर तीनने गुणतंही, 'बातमीवर लोकांचा विश्वास जास्त' म्हणून. हा आकडा पीआरचं मूल्य सांगत नाही, असं ते तत्त्व स्वच्छ म्हणतं. २०१७ मध्ये एमेकने एव्हीई हद्दपार करण्यासाठी वेगळी मोहीमच हाती घेतली. तरीही दरवर्षी एंट्रींमध्ये तो आकडा ठळक अक्षरांत झळकतोच. काढून टाका. काही स्पर्धांच्या सूचनांतच लिहिलेलं असतं की हा आकडा दिलात तर गुण जातील.

त्याऐवजी पायऱ्या मांडा. आपण काय बाहेर टाकलं, ते लोकांनी घेतलं का, त्यांच्या मनात किंवा वागण्यात काय फरक पडला, आणि त्या फरकाने संस्थेला किंवा समाजाला काय मिळालं. एमेकने २०१६ मध्ये आणलेली एकात्मिक मूल्यमापन चौकट याच उतरंडीवर आहे, आणि ती कुणालाही मोफत वापरता येते. रक्तपेढीच्या उदाहरणात: दात्यांना इतके संदेश गेले, इतक्यांनी ते उघडले, इतके परत आले, आणि टंचाईचे दिवस महिन्याला इतक्यांवरून इतक्यांवर उतरले. प्रत्येक पायरीला एक आकडा पुरे. पहिल्या पायरीचे बारा आकडे आणि शेवटच्या पायरीचा एकही नाही, असं चित्र असेल तर ते परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

मग येतो अवघड प्रश्न: हे तुमच्यामुळेच झालं कशावरून? त्याच काळात रक्तपेढीने नवी शाखा उघडली असेल, एखाद्या नटाने आपणहून आवाहन केलं असेल. याचं उत्तर आधीच देऊन ठेवा. मोहीम ज्या भागात झाली नाही तिथले आकडे शेजारी ठेवा. किंवा परत आलेल्या दात्यांना 'का आलात?' असं विचारून त्याची नोंद दाखवा. पूर्ण सिद्धता कुणी मागत नाही. तुम्ही शंका घेतली होती आणि ती तपासली, एवढं दिसलं तरी तुम्ही निम्म्या एंट्रींच्या पुढे असता. 'काही अब्ज लोकांपर्यंत पोचलो' असा दावा करताना जगाची लोकसंख्या आठ अब्जांच्या आसपास आहे एवढं ध्यानात ठेवा. मी हसून सांगते आहे, पण लोकसंख्येला मागे टाकणारी 'पोच' मी स्वतः वाचली आहे.

प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला ते लिहा: कुणी मोजला, कधी मोजला, किती जणांवर.

इंग्रजीत लिहिताना

बहुतेक आंतरराष्ट्रीय फॉर्म इंग्रजीत भरावे लागतात, आणि मोहीम दुसऱ्याच भाषेत झालेली असू शकते. अशा वेळी संदर्भ सांगायला लाजू नका. परीक्षक दुसऱ्या खंडातला आहे. तुमच्या देशात सगळ्यांना ठाऊक असलेली संस्था, सण किंवा वाद त्याला ठाऊक नाही. पार्श्वभूमीत दोन वाक्यं त्यासाठी राखून ठेवा. घोषवाक्याचा शब्दशः अनुवाद देऊन सोडू नका. त्यातली कोटी कशी चालते, ऐकणाऱ्याला तिथे का हसू येतं किंवा का टोचतं, ते एका ओळीत सांगा. कात्रणांची भाषांतरं पूर्ण नकोत. मथळा आणि एक महत्त्वाचं वाक्य पुरे.

आणि भाषा साधी ठेवा. 'समग्र', 'एकात्मिक', 'परिवर्तनशील' असे शब्द प्रत्येक एंट्रीत असतात, म्हणून ते कुणालाच दिसत नाहीत. शब्दमर्यादा पाळा. पाचशेची मर्यादा असेल तर चारशे ऐंशीवर थांबा. एका बैठकीत कित्येक एंट्री वाचणाऱ्या माणसावर ते उपकारच असतात.

फिल्म आणि पुरवणी साहित्य

कान्ससारख्या ठिकाणी दोन मिनिटांची केस फिल्म, म्हणजे मोहिमेची कहाणी सांगणारी छोटी फिल्म, लागते. तिच्यात पहिल्या वीस सेकंदांत अडचण समजली पाहिजे. शेवटी आकड्यांचा पाऊस पाडून वर ताशे वाजवू नका. एकच आकडा स्वच्छ दिसू द्या. आवाज बंद असतानाही समजेल अशी उपशीर्षकं हवीत. वापरलेलं संगीत, छायाचित्रं, वाहिनीची क्लिप, त्यात दिसणारी माणसं या सगळ्यांच्या परवानग्या हव्यात. विशेषतः रुग्ण, मुलं, आपत्तीग्रस्त अशी माणसं असतील तर संमती दोनदा तपासा.

फिल्म हा मूळ काम दाखवायचा आरसा आहे, नवं काम नाही. २०२५ मध्ये कान्समध्ये ब्राझीलच्या एका एजन्सीला क्रिएटिव्ह डेटा विभागातलं ग्रां प्री परत करावं लागलं. केस फिल्ममध्ये एआयने बनवलेला आणि फेरफार केलेला मजकूर खऱ्या बातमीसारखा वापरला होता, असं उघड झालं. त्यानंतर आयोजकांनी पडताळणीचे नियम कडक केले. तेव्हा आजच्या घडीला एंट्रीत एआयने केलेलं काहीही असेल तर ते सांगा. घटना पुन्हा उभी करून चित्रित केली असेल तर पडद्यावर तसं लिहा. आणि प्रत्येक दाव्याचा मूळ कागद एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. आयोजक विचारू शकतात, आणि विचारल्यावर शोधायला घेणं उशिराचं असतं.

पुरवणीत चाळीस कात्रणं जोडण्यापेक्षा पाच जोडा, आणि प्रत्येकावर ती कशाचा पुरावा आहे ते लिहा. दुवे दिलेत तर ते पासवर्डशिवाय उघडतात का, वर्षभर जिवंत राहतील का, ते पाहा. बऱ्याच एंट्री गुण देताना तुटलेल्या दुव्यापाशी थांबतात.

पाठवण्याचा आठवडा

शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधीची तारीख स्वतःसाठी खरी धरा. आयोजकांची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाने आहे तेही पाहा. मध्यरात्र म्हणजे नेमकी कुणाची मध्यरात्र, यावरून चांगल्या एंट्री बुडालेल्या आहेत. पोर्टलवर खातं आधीच उघडून एक चाचणी फाइल चढवून बघा. मजकूर वेगळ्या फाइलमध्ये लिहून मग चिकटवा, कारण फॉर्म मधेच बंद पडला की लिहिलेलं जातं.

मोहिमेशी संबंध नसलेल्या एका सहकाऱ्याला संपूर्ण एंट्री वाचायला द्या, हातात घड्याळ देऊन. पाच मिनिटं झाली की कागद काढून घ्या आणि विचारा: अडचण काय होती, काय केलं, काय बदललं? तिन्ही उत्तरं बरोबर आली तर पाठवा. तिसऱ्यावर अडखळला तर परिणामाचा भाग पुन्हा लिहा. पहिल्यावरच अडखळला तर पार्श्वभूमी कापा, ती हमखास लांबलेली असते. नावांची स्पेलिंग तपासायला मात्र मोहिमेतलाच माणूस हवा. ट्रॉफीवर चुकीचं नाव कोरलं गेलं की दुरुस्तीचे पैसेही आपल्यालाच पडतात.

निकाल लागेपर्यंत आणि नंतर

पहिल्या फेरीत परीक्षक सहसा आपापल्या ठिकाणी बसून ऑनलाइन गुण देतात. ज्याचा त्या कामाशी किंवा क्लायंटशी संबंध आहे तो त्या एंट्रीपासून बाजूला होतो. मग शॉर्टलिस्टवर चर्चा. चर्चेत तुमची बाजू मांडायला तुम्ही नसता. तुमच्या एंट्रीतलं एखादं वाक्य एखाद्या परीक्षकाला पाठ झालं असेल तर तोच तुमचा वकील. काही ठिकाणी शॉर्टलिस्ट झालेल्यांना प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवरून सादरीकरणाला बोलावतात. तिथे फॉर्म पुन्हा वाचून दाखवू नका. मोहिमेवर प्रत्यक्ष काम केलेल्याला बोलू द्या, आणि 'पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं कराल?' या प्रश्नाची तयारी ठेवा. तो येतोच.

शॉर्टलिस्ट जाहीर करण्यावर तारखेचं बंधन असतं, ते मोडू नका. क्लायंटला आदल्या दिवशी फोन करा, बातमी त्याला सोशल मीडियावरून कळता कामा नये. काहीच मिळालं नाही तर परीक्षकांचा अभिप्राय मागवा. गोल्ड क्विलसारख्या ठिकाणी तो गुणांसह मिळतो, आणि पुढच्या वर्षीच्या शुल्कापेक्षा त्याची किंमत जास्त आहे.

आणि एंट्रीचा फोल्डर बंद करण्याआधी सध्या चालू असलेल्या मोहिमेचा फोल्डर उघडा. त्यात 'आधीची पातळी' नावाची एक फाइल करा. आज काय परिस्थिती आहे, कुणी मोजली, कोणत्या तारखेला, एवढं तिच्यात लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.